म्होरकीची घंटी

पितळी झाकण जमिनीवर गरगरत राहिलं आणि टणकन आडवं झालं. घरात तेवढाच आवाज. बिरूनं ते उचलून पुन्हा फिरवलं. पाच वर्षांचा झाला, अजून "आये" म्हणाला नव्हता. हाक मारली तर मान वळत नव्हती.

माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, कळपातल्या म्होरक्या शेळीची घंटी सोडून आणली. बोलायला उशीर झालेल्या पोराला आमच्याकडे तिच्यातून पाणी पाजतात.

"आवसंपातूर पाजायचं. जीब सुटंल त्याची."

"आन् शेरडं कशाच्या मागं जातील?" ह्यांनी विचारलं.

"तुज्या मागं. आवाज काय कमी हाय तुजा?"

मला हसू येईना. पाणी बिरूच्या हनुवटीवरून ओघळायचं. पण घंटी वाजली, की तो झाकण सोडून तिच्याकडं बघायचा. म्हणून भोरच्या दवाखान्यात निघताना ती मी पदरात बांधून घेतली.

डॉक्टरांनी मागून हाक मारली, टाळी वाजवली. बिरू खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत राहिला.

"घरी कशाला तरी वळतो का?" त्यांनी विचारलं.

मी पदराची गाठ सोडून घंटी हलवली. बिरू गर्रकन वळला. हसलासुद्धा.

"कान चांगले आहेत."

"मग बोलत का न्हाई, सायेब?"

"बाई, मला हे ओळखता येत नाही. मुंबईत लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत म्हणतात. पण तिथं राहावं लागेल. किती दिवस, ते मी नाही सांगू शकत."

एसटीनं परत निघालो. गुंजवण्याचा डोंगर दिसल्यावर हे म्हणाले, "शेरडं घिऊन ऱ्हाऊ का म्हमईत?" आणि तोंड फिरवलं.

घरी आलो तर आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या. ह्यांचा आवाज नाही, घंटीचाही नाही, म्हणून कळप रानात फुटला होता. गाभण शेळी दरीत पडली होती.

"माजंच चुकलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "जिची घंटी तिला बांधा."

मी ती पदरातून काढली. ती किणकिणली. बिरू कोपऱ्यातून उठून आला आणि माझ्या मनगटाला गाल लावून उभा राहिला.

थोरली लेक बनी दोरी घेऊन आली. घंटीकडं बघितलं, भावाकडं बघितलं.

"आये, ही शेळीला बांधल्यावर बिरू कशाला वळंल?"