स्वच्छ पाण्याची लाज

मित्रांनो, कोंबड्यांना पाणी पाजणारी ही पोचे पडलेली जुनी पितळी परात म्हणजे मी. हसू नका! एके काळी माझ्यात पाय बुडवायला लोक मठाच्या फाटकाशी ताटकळत उभे राहायचे. पण ज्या दिवशी माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं, त्याच दिवसाची मला आजही लाज वाटते.

युरोपातल्या म्यूज नदीकाठच्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी ख्रिस्ती साधूंच्या या मठात आले. काम वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत. त्या दिवशी मठाधिपती गिबेर, ज्यांना सगळं खोरं 'बाबा' म्हणतं, कमरेला पंचा गुंडाळून बारा गरिबांचे पाय धुवायचे. मग औषधं करणारे साधू जखमांना मलम लावायचे आणि प्रत्येकाला नवे जोडे मिळायचे. चिखल, लेंड्या, रक्त, सगळं माझ्यात उतरायचं. पाणी काळंकुट्ट झालं की मला बरं वाटायचं.

ओदो नावाचा म्हातारा मेंढपाळ दरवर्षी रांगेत असे. त्या हिवाळ्यात त्याचा उजवा पाय बर्फाने गोठला होता आणि जखम चिघळली होती. मेंढ्या व्यायच्या दिवसांत डोंगर सोडता येईना, म्हणून बिचाऱ्याने गुरुवारपर्यंत कळ काढली.

आणि नेमके त्याच वर्षी बाबांचेही वरिष्ठ असलेले बिशप येणार होते. कोठार सांभाळणाऱ्या साधू फुल्कोंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गरिबांना सकाळीच विहिरीवर बसवलं आणि लाकडी बादलीतलं पाणी घेऊन त्यांचे पाय खसाखसा घासून काढले. मी बाजूलाच वाळत होते.

ओदोला मात्र त्यांनी फाटकातच अडवलं. "यंदा नको रे ओदो. पाहुणे मोठे आहेत. तुझ्या पायाला वास येतोय."

"अहो, वास येतोय म्हणूनच तर धुवायला आलोय ना!"

"पुढच्या वर्षी बघू. जा रे, माझी अब्रू घालवू नकोस."

ओदो चिंध्यांत गुंडाळलेला पाय ओढत निघून गेला.

विधी सुरू झाला. बाबांनी पहिला पाय माझ्यात घेतला, दुसरा घेतला. पाणी तसंच नितळ! बिशप वाकून म्हणाले, "वा! हिच्यात चेहरा दिसतोय. तुमच्याकडचे गरीबसुद्धा किती टापटीप हो!"

बाबांचा हात थांबला. त्यांनी रांगेकडे पाहिलं. "ओदो कुठाय?"

"आला नाही वाटतं," फुल्को पुटपुटले.

"आला नाही कसा?" रांगेतला एक कोळसेवाला बोलून गेला. "फाटकातून हाकललात की! आणि बाबा, जरा हळू चोळा. सकाळीच घासलेत, आता सालटं निघतील."

बाबांचे कान लाल झाले. मी मनात म्हणत होते, उठा, आत्ता उठा, तो फार लांब गेला नसेल! त्यांनी बिशपांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढचा पाय हातात घेतला. त्या नितळ पाण्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. मला वाटलं, माझा तळ फुटावा आणि हे पाणी एकदाचं निघून जावं.

बिशप ईस्टर आटोपून गेले. तोवर बाबांना मठाबाहेर पाऊल टाकायचा धीर झाला नाही. मग मात्र त्यांनी मला स्वतःच काखेत मारलं, औषधवाल्या साधूंना बरोबर घेतलं आणि ओदोची झोपडी गाठली.

ओदोने पाय कांबळ्याखाली ओढून घेतला. "नको बाबा, वास येतो त्याला."

"ओदो, लाजायचं ते मी," बाबा म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्यांनी कांबळं बाजूला केलं. बोटं काळी पडली होती. जीव वाचवायला त्याचा पाय कापावा लागला.

पुढच्या वर्षी फुल्कोंनी ओदोला स्वतःच्या पाठीवर बसवून आणलं आणि रांगेत पहिला बसवला. विहिरीवर कोणालाच नेलं नव्हतं. बाबा गुडघ्यांवर बसले. ओदोने चिखलाने भरलेला एक पाय पुढे केला आणि मिस्कीलपणे म्हणाला, "चला बाबा, यंदा तुमचं काम निम्मंच!"

बाबांनी त्या पायावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढे मठाला चांदीची परात मिळाली आणि मी कोंबड्यांकडे आले. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, एवढंच सांगते, मला राखेने घासून लखलखीत करू नका. तुमच्या दारात कोणी चिखलाचे पाय घेऊन आला, तर त्याला आधी पाय धुवून ये म्हणू नका. मला बाहेर काढा.