पाच हजार एकोणचाळीस

मागांच्या खडखडाटात एकोणचाळीस असं कुणी ओरडत नाही. ओठांनी चाळीस म्हणायचं आणि एक बोट वाकवायचं, म्हणजे एक कमी. कबनूरच्या कारखान्यात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

माझे वडील, सिद्धाप्पा, तिथे तीस वर्षं बीम बांधत होते, म्हणजे कापडाचे उभे धागे, तारा, मोजून मागाच्या रुळावर गुंडाळत होते. १९९८ सालच्या एका रविवारी त्यांना नव्या चादरीचं बीम बांधायचं होतं. तारा पाच हजार एकोणचाळीस, पट्टे सगळे सारख्या तारांचे. पट्टे किती, ते त्यांनीच ठरवायचं. दुपारपर्यंत घरात कागदांचा ढीग झाला, पण भागाकार काही सुटेना.

"भूमिका, डोकं चालंना झालंय माझं," ते म्हणाले. "मालकास्नी कळलं तर उद्यापासनं घरी बसायचं."

मी कोल्हापूरला गणितात बी.एस्सी. करत होते आणि त्याचा तोरा भलताच होता. दोन मिनिटांत देते म्हणाले. दोनानं भागलं, उरला एक. तिनानं भागलं, उरले दोन. चारानं तीन, पाचानं चार. मला हसू आलं, मग हसू थांबलं. दहापर्यंत हेच. प्रत्येक वेळी बाकी एकानं कमी. ईर्ष्येनं पुढच्या मूळ संख्या घेतल्या, थेट सदुसष्टपर्यंत. एकाचंही काही चाललं नाही. ह्या आकड्याला कुणाचाच भाग जात नव्हता.

आणि त्यात एक मिळवला तर?

पाच हजार चाळीस. छप्पन्न पट्टे केले तर नव्वद तारा, त्रेसष्ट केले तर ऐंशी, बहात्तर केले तर सत्तर. एक ते दहा, सगळ्यांनी निःशेष भाग जात होता. तीन वर्षं गणित शिकून मी एवढी कधी थक्क झाले नव्हते.

आप्पांनी कागद आपल्याकडे ओढला. "एका तारंनं एवढं?" ते पुटपुटले आणि पेन्सिल घेऊन स्वतः आठानं भागायला लागले.

"आकडा कुणी सांगितला?" मी विचारलं.

"मालकांनीच, हापिसात. चाळीस म्हणालं आन् बोट वाकवलं. तवाच चहावाला पोऱ्या आत आला."

मालकांनी बोटानं त्या पोऱ्याला बोलावलं होतं, एक कमी सांगितलं नव्हतं. मी कागद गोळा करत खाली मान घालून म्हणाले, "हापिसात मागाचा आवाज कुठं येतोय? बोटाकडं कशाला बघितलासा?"

वर पाहिलं तर ते भागाकारात रमलेले. मी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले आणि त्यांची नजर थेट माझ्या ओठांवर आली.

"कधीपासनं ऐकू येईना झालंय, आप्पा?" मी त्यांच्यासमोर बसून विचारलं.

"झाली दोन वर्सं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. बाकी शून्य. "मालकास्नी नको सांगू. आकडा अजून कळतोय की मला."