गादीवाल्याच्या दारावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतल्या मुलांची नव्हे, दुकानाच्या दारावरची. हल्ली मी एका भाड्याच्या खोलीत फळी म्हणून ठोकलेली आहे. माझी अक्षरं खालच्या बाजूला आहेत. ती वाचायची तर जमिनीवर पाठ टेकून वर पाहावं लागेल, आणि इथं तसं कोणी करत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका मोडक्या पलंगातून झाला. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, हिरवा रंग दिला. मग रंगारी आला. माझे मालक गाद्या-उशा बनवत. त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून त्याने लिहिलं, ‘भाऊ गादीवाले’. पण मी पडले लांबलचक! अर्धी मोकळीच राहिले. रंगारी म्हणाला, एवढी जागा रिकामी बरी दिसत नाही, पुढे ‘आणि कंपनी’ लिहू का? भाऊंना ते फार आवडलं. अशी ती कंपनी निघाली. तिला रंग वाळायला लागला तेवढाच काय तो वेळ लागला.

माझे सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. आत यंत्रावर कापूस पिंजला जाई, भाऊ खोळी भरत आणि हातभर सुईने टाके घालत. त्यांच्या गादीत कधी गोळे होत नसत. भाऊंची बायको, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वहिनी, दुपारी डबा घेऊन येत आणि आधी पदराने माझ्यावरचा कापूस झटकत. जवळच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. स्वतःच्या बांगड्या मोडून त्यांनी ते घ्यायला लावलं होतं. कागदावर नाव मात्र भाऊंचं. घरातच नळ आहे, याचं वहिनींना इतकं अप्रूप की येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो सोडून दाखवत.

मग बाजारात स्पंजच्या तयार गाद्या आल्या. गुंडाळायच्या, काखोटीला मारायच्या आणि चालू पडायचं. भाऊंचं गिऱ्हाईक आटलं. तरी दिवस पालटतील या आशेवर ते उधारीने कापूस उचलत राहिले. दुकानाचं काही बरंवाईट झालं तर घराचं काय, असं वहिनींनी एकदा विचारलंच. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“वाच की. कंपनी आहे. काय व्हायचं ते कंपनीचं होईल, घराला कशाला धक्का लागतोय?”

मित्रांनो, तेव्हा त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मलाही वाटत होतं. माझी छाती फुगली होती.

पुढे हिवाळ्यात एक वकीलबाई उशी भरून घ्यायला आल्या. मला वाचून त्यांनी सहज चौकशी केली, भागीदार कोण? कोणी नाही. कंपनीची नोंदणी कुठे केली? कुठेच नाही. बाईंचं हसू मावळलं.

“मग कंपनी नाहीच, भाऊ. दुकान म्हणजे तुम्ही. दुकानाचं देणं ते तुमचंच, ते घरापर्यंत येतं. आत्ता बंद केलंत तर यंत्र आणि कापूस विकून निभावेल. आजच घरी बोला.”

भाऊ हो म्हणाले. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांचा धीरच झाला नाही. उलट एखादा हंगाम बरा जाईल म्हणून आणखी कापूस उचलला. वहिनी शेजारणींना निश्चिंतपणे सांगत, दुकानाचं काय व्हायचं ते होवो, आमचं घर सुरक्षित आहे. ते ऐकून माझा जीव तुटायचा, पण लाकडाला तोंड कुठलं?

उधारी फिटेना, तेव्हा कापसाचा व्यापारी कोर्टात गेला. कोर्टाचा माणूस आला तेव्हा वहिनी डबा घेऊन दुकानातच होत्या. माणूस सभ्य होता. दुकानातला माल पाहून झाल्यावर त्याने घराची कागदपत्रं मागितली.

“घर कशाला?” वहिनी म्हणाल्या. “देणं कंपनीचं आहे.”

कंपनीत कोण कोण, असं त्याने हळूच विचारलं. वहिनींनी भाऊंकडे पाहिलं.

“कोणी नाही,” भाऊ म्हणाले. “मीच आहे. मला हिवाळ्यातच कळलं होतं.”

वहिनींनी हातातला डबा खाली ठेवला.

“दुकान बुडालं त्याचं मला काही नाही,” त्या म्हणाल्या. “मी आपली काठावर उभी आहे असं समजत होते. मीही त्याच होडीत होते, एवढं तरी सांगायचं होतंत.”

घर विकलं गेलं. माझी कोणी किंमतच केली नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर इथं आले. अक्षरं खाली करून मला ठोकायला वहिनींनीच सांगितलं. भाऊ आता स्पंजच्या गाद्यांना खोळी शिवतात, रोजंदारीवर.

मित्रांनो, मला कोणी पुसलं नाही, रंगवलं नाही, तरी माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरचं कोणी एकट्याच्या जिवावर धंदा करत असेल, तर तो बुडाला की कोण कोण बुडणार, हे हातात वेळ असताना विचारा. आणि धंदा तुमचा असेल, तर घरी खरं सांगा. भाऊ हल्ली रोज संध्याकाळी बारीकसारीक सगळं सांगतात, मुकादम काय म्हणाला, शिलाई किती झाली. वहिनी ऐकतात. त्या आता काहीच विचारत नाहीत.