पंगतीतली फट

केडगावच्या एबनेझर आबांनी चर्चमधल्या कीर्तनाला सुरुवात करायच्या आधीच मंडळीला सांगून टाकलं, की आपली कांद्याची चाळ आता आभाळात जाणार.

"माझी नात ब्लेसी कोरेगाव भीमाला उपग्रह बनवती," झांज हातात खेळवत ते म्हणाले. "परातीएवढे चपटे. असे आठ एकावर एक रचायचे आन् रॉकेटात घालायचे. आता रचलं की उबारा धरतोच. कांदा काय, उपग्रह काय. मग हिनं काय केलं? माझ्या चाळीसारखी मधी बोट बोट फट ठेवली. चाळ आमची, नाव सरकारचं व्हायचं न्हाई, मी आत्ताच सांगून ठेवतो."

मंडळी हसली आणि कौतुकानं मागं वळून बघायला लागली. शेवटच्या ओळीतल्या ब्लेसीनं मान खाली घातली. तिच्या शेजारी तिच्याच वर्कशॉपमधला फिटर मल्हारी बसला होता. शिरूरकडचा, आजोबांपर्यंत मेंढरं राखणाऱ्या घरातला. आबांचं कीर्तन ऐकायला तो मुद्दाम आला होता.

"अजून सांगितलं न्हाई व्हय आबांना?" तो कुजबुजला.

"नाही."

"मग कवा सांगणार ताई? रॉकेट उडल्याव?"

सांगायचं ते असं होतं. वर्कशॉपात आठही उपग्रह रचून, चालू करून पाहिले तेव्हा फटींमुळं सगळे छान गार राहिले होते. मल्हारीनं पेढे वाटले होते. पण वर्कशॉपात हवा होती. फटींतून ती खेळत होती आणि ऊब घेऊन जात होती. वर आभाळात हवा नसते, हे ब्लेसीला माहीत नव्हतं असं नाही. पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिनं आबांच्या चाळीच्या सावलीत काढलेल्या. फट म्हणजे गारवा हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ते पुन्हा तपासून घ्यावं असं तिला वाटलंच नाही. गुरुवारी बेंगळुरूला, हवा काढून घेतलेल्या टाकीत तीच चळत ठेवली. तासाभरात मधला, पाचव्या नंबरचा उपग्रह एकाहत्तर अंशांवर गेला. पन्नासच्या वर बॅटरी टिकत नाही.

रॉकेटवाल्यांनी आणखी एकदाच चाचणी घ्यायचं कबूल केलं होतं, पुढचा आठवडा सोडून येणाऱ्या सोमवारी. तेव्हाही मधला तापला, तर रॉकेटातली जागा दुसऱ्यांना जाणार होती. दोन वर्षांचं काम फडताळात.

"उन्हाळ्यात मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोकं घालून उभी ऱ्हात्यात," मल्हारी म्हणाला. "मधलं पार शिजतं. आमचा आजा काठी घालून कळप फोडायचा. तुमचा पाचवा म्हंजी मधलं मेंढरू हाय."

"मामा, यांना काठी घालता येत नाही. रॉकेटातून सुटेपर्यंत एकावर एकच राहायचं."

"त्येच तर."

तेवढ्यात मृदंगावर थाप पडली आणि दोघं गप्प झाले. आबांनी स्वतः रचलेलं ध्रुपद धरलं: देवानं दिलं, हाती नाही धरलं, पुढच्याला दिलं रे, पुढच्याला दिलं. पहिल्या ओळीनं ते उचललं, दुसरीनं तिच्याकडून घेतलं, आणि बघता बघता ते शेवटच्या बाकापर्यंत आलं. आबांचा आवाज आता थोडा कापतो, पण सम अजून अशी गाठतात की बसल्या जागी माणूस जरा वर उचलला जातो. ब्लेसीनं ठरवलं होतं की आज गायचं नाही. तिसऱ्या वेळेला तिनं टाळी धरली. गुरुवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी किंचित सैल झालं, आणि त्याबद्दल तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

कीर्तन संपलं, मंडपात पंगत बसली. या मंडळीच्या पंगतीत वाढपी नसतो. पातेल्यापाशी एकजण वाट्या भरतो, आणि वाटी हातोहात सरकत आधी पंगतीच्या टोकाला जाते. शेवटच्याला पहिली. मटणाचा रस्सा चुलीवरून उतरलेला असतो, स्टीलची वाटी हाताला चटके देते, म्हणून कुणी ती धरून ठेवत नाही. आली की दिली. गप्पा, चेष्टा सगळं चालू राहतं आणि कुणाचा हात भाजत नाही.

मल्हारी पाहुणा. लोकांच्या देवळात, लोकांच्या पंगतीत, म्हणून तो बुजून ब्लेसीपासून दोन हात लांब बसला होता. त्याच्यापुढं आणखी चारजण. पहिली वाटी ब्लेसीपर्यंत आली. तिनं पुढं केली, तर मल्हारीचा हात पोचेना. तोवर दुसरी वाटी आली. ती डाव्या हातात. तिसरी घेऊन शेजारची मार्थाआत्या थांबली.

"घे की गं."

"कुठं घेऊ आत्या? भाजतंय."

"मग पुढं दे."

"पुढं फट आहे."

बोलली आणि तशीच थांबली. दोन्ही हातांत वाट्या, बोटं लाल. मधल्या दोन हातांच्या रिकाम्या सतरंजीकडं ती बघत राहिली.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "इकडं सरका. मांडीला मांडी लावून बसा."

मल्हारी सरकला. वाट्या निघाल्या. एक, दोन, तीन, भराभर टोकापर्यंत.

"आपण कोपऱ्यात वॉशर घातलेत," ब्लेसी म्हणाली. "जाड, प्लास्टिकचे. ऊब एकाकडून दुसऱ्याकडं जाऊ नये म्हणून. पण वर हवा नाही मामा, ऊब न्यायला कुणी येणारच नाही. जायचं तर हातोहातच जाणार. आणि आपणच हात तोडून ठेवलेत."

"म्हंजी फटी बुजवायच्या?"

"फटी राहू देत. चारही कोपऱ्यांत ॲल्युमिनियमचे जाड खांब, खालच्यावर वरचा, धातूला धातू. मधल्यानं धरून ठेवायचं नाही. वर आणि खाली द्यायचं."

मल्हारीनं रश्श्यात भाकरी बुडवली. "खांबाची तोंडं आरशावानी सपाट लागतील. केसाएवढी फट ऱ्हायली तरी ऊब अडंल."

"जमेल?"

"जेवू तर द्या."

आबा हात धुऊन आले तेव्हा ब्लेसीनं त्यांना सगळं सांगितलं. आबा बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले.

"म्हंजी चाळ नापास झाली."

"हो आबा."

"आन् मी किती जणांना सांगितलं?"

"सगळ्यांना," मार्थाआत्या म्हणाली. "यवतच्या पाळकांना फोन करून पण."

"मग आता परत सांगावं लागंल," आबा म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले.

पुढचे सात दिवस मल्हारी निळी शाई आणि सपाटी तपासायची लोखंडी लादी घेऊन बसला. लादीला शाई फासायची, खांबाचं तोंड तिच्यावर फिरवायचं, शाई कुठं लागली बघायचं, उंचवटा घासायचा, पुन्हा फिरवायचं. एकूण बत्तीस खांब. शेवटी सगळ्या तोंडांवर शाई कडेपासून कडेपर्यंत एकसारखी लागली, तेव्हा कुठं त्यानं चहा मागवला.

सोमवारी बेंगळुरूला टाकीचं दार लागलं. पाचव्याचा आकडा चढत गेला. चाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस. मल्हारी टोपी मुरगाळत उभा. सेहेचाळीसवर आकडा थांबला. अर्धा तास गेला, तास गेला, दोन तास गेले, तरी सेहेचाळीसच. चाचणी घेणाऱ्यानं कागदावर सही करून तो ब्लेसीकडं सरकवला.

तिनं तिथूनच केडगावला फोन लावला.

"पास, आबा."

पलीकडं आबांनी नाक शिंकरलं. "देवाची कृपा. पण मला एक सांग, मला लोकांना सांगायचंय. मधल्यानं वरच्याला दिलं, त्यानं त्याच्या वरच्याला. मग सगळ्यात शेवटच्यानं कुणाला द्यायचं?"

"त्याच्या पुढं नुसतं आभाळ असतं आबा. तो आभाळाला देतो. सूर्याची ऊब हवेशिवाय आपल्यापर्यंत येते ना, तशी."

"थांब," आबा म्हणाले. फोनवरूनच ऐकू आलं, ते पेटीचा भाता उघडत होते. "थांब जरा. ह्याचं कडवं होतंय. मल्हारीला पण फोनजवळ बोलव."