चांद्याचा नैवेद्य

बिरप्पाने खांद्यावरचं घोंगडं काढलं, बाभळीच्या सावलीत अंथरलं आणि कुत्र्याला म्हणाला, "राख."

चांद्या घोंगड्यावर जाऊन बसला. एवढा एक शब्द त्याला पुरे असे. 'राख' म्हटलं की बिरप्पा घोंगडं उचलेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. हे शिकवलं होतं बिरप्पानेच, आणि आज तेच त्याच्या कामी येत होतं. कपाळावर पांढरा चांद असलेलं ते कुत्रं जीभ बाहेर काढून त्याच्याकडे बघत होतं. बिरप्पाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवला असता तर पाय निघाला नसता.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या सालचा पाऊस या माळांकडे फिरकलाच नव्हता. थंडीचे दिवस आले तरी वळसंगच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर नुसता तापलेला मुरूम. मेंढरं निम्म्यावर आली होती. बरं, मेंढरांचं राहू द्या. पालात म्हाळसाबाई पोटुशी होती, सहावा महिना. वाट्याला आलेली एक भाकरी ती रोज मधोमध मोडायची आणि अर्धी चांद्यापुढे टाकायची.

"अगं, तू खा की. दोन जिवांची हायेस," बिरप्पा म्हणायचा.

"त्येच्या तोंडाकडं बघितलं की घास उतरत न्हाय. मी काय करू?"

बायकोशी हुज्जत घालून उपयोग नव्हता. खंडोबाचं कुत्रं, त्याच्यावर काठी उगारायची सोय नाही. पण लांब माळावर ठेवून आलो, तर मी कुठं मारलं त्याला? बिरप्पाने स्वतःला असं पटवलं खरं, पण कोरडा ओढा ओलांडेपर्यंतसुद्धा ते टिकलं नाही. तो सारखा मागे वळून बघू लागला. चांद्या येत नव्हता. एरवी सशामागे बेभान धावणारा, मेल्याला आजच सगळं शहाणपण सुचलं! शिवी कुत्र्याला होती, राग स्वतःवर होता.

पालाशी पोचला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. चुलीतल्या निखाऱ्यांवर रोडगे होते आणि भाजल्या वांग्याचा वास सुटला होता.

"वांगं कुटलं?"

"मळ्यातनं मागून आणलं. अवो, चंपाषष्ठी न्हाय का आज? इसरला?" म्हाळसाबाई हसली. "हाक मारा चांद्याला. सकाळपास्नं पोटात काय न्हाय माज्या."

बिरप्पाने आल्या वाटेकडे वळून पाहिलं. मेंढरांमागे फिरणाऱ्याला तिथी-वार कुठला ठाऊक असायला? आज भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी खंडोबाला, मग त्याच्या कुत्र्याला. कुत्र्याने तोंड लावल्याशिवाय त्यांच्यात कुणी घास उचलत नसे. बापाच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं.

"त्यो येईल मागनं. तू खाऊन घे."

"असं कसं?"

"गावातलं एकादं कुत्रं आणू का?"

"आपलं घरचं सोडून?" म्हाळसाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या खांद्याकडे. "घोंगडं कुटं हाय तुमचं?"

त्याने खंडोबाला नैवेद्य दाखवला. नैवेद्याची थाळी फडक्यात बांधली आणि आल्या वाटेने निघाला. पाय भाजत होते, आणि भाजताहेत तेच बरं वाटत होतं. हिच्या पोटात चार घास जास्त जावेत म्हणून केलं, आणि आपल्यापायीच आज ती उपाशी बसली आहे.

बाभळीची सावली पार दुसऱ्या अंगाला सरकली होती. घोंगडं उन्हात होतं आणि चांद्याही उन्हात, घोंगड्यावर. धन्याला बघून त्याने शेपटी आपटली, पण उठला नाही. बिरप्पाने थाळी सावलीत ठेवली.

"खा रं."

चांद्याच्या तोंडातून लाळ गळली. तो थाळीकडे बघे, बिरप्पाकडे बघे, आणि तिथेच बसून राही. मग बिरप्पाच्या ध्यानात आलं. राखण अजून संपली नव्हती.

त्याने घोंगडं उचललं, खांद्यावर टाकलं. कुत्रं थाळीवर तुटून पडलं. "चुकलो रं लेकरा," तो त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.

दिवस कलल्यावर दोघं परतले. म्हाळसाबाई पालाच्या तोंडाशीच बसली होती. तिने आधी थाळी बघितली.

"खाल्लं?"

"व्हय."

"कुटं हुता ह्यो?"

"मीच सोडून आलो हुतो. तू पोटभर खावंस म्हणून."

तिने चांद्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून तिने बिरप्पाला वाढलं आणि स्वतःलाही घेतलं. आपला रोडगा नेहमीसारखा मधोमध मोडला आणि अर्धा चांद्यापुढे टाकला.

बिरप्पाच्या थाळीत रोडगा अख्खा होता. त्याची भाकरीही रोज अख्खीच असायची. तो थाळीकडे बघत राहिला. मग त्याने रोडगा मोडला आणि अर्धा तिच्या थाळीत ठेवला.

म्हाळसाबाईने त्या अर्ध्याकडे पाहिलं.

"आज सुचलं व्हय?" ती म्हणाली, आणि जेवू लागली.