हिरव्या पडद्याआडचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. माझा मूळ रंग हिरवा. आताचा कोणता, ते धोब्याला विचारा. प्रसूतिगृहाच्या तपासणीच्या खोलीत, टेबल आणि बाकडे यांच्या मध्ये, मी लोखंडी दांडीवर लटकतो.

चादरींच्या ताग्यातले उरलेले कापड म्हणजे मी. शिंप्याने माझा काठ दुहेरी दुमडून शिवला. "हा दिवसभर ओढला जाणार," तो म्हणाला. त्याचे खरे ठरले.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. बायका मला ओढून घेत आणि सुटकेचा श्वास टाकत. मला मात्र एका गोष्टीचे नवल वाटे. मला ओढले की माणसे मला भिंत समजत. मी नजर अडवतो, आवाज अडवणे मला जमत नाही. हे इतक्या शिकलेल्या माणसांच्या लक्षात कसे येत नाही, याचा मी विचार करत बसे.

एका सकाळी एक तरुण बाई आली. सोबत नवरा आणि सासू. तिच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाची वाढ नीट झाली नव्हती. जन्मानंतर त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागणार होत्या, आणि तरी ते जगेल याची खात्री नव्हती. बाळ जन्माला येऊ द्यायचे की गर्भपात करायचा, हे कायद्याप्रमाणे तिनेच ठरवायचे होते. त्यासाठी थोडेच दिवस उरले होते.

डॉक्टरीणबाईंनी मला ओढले आणि तिला विचारले, "तुला काय वाटतं?"

"तिला काय वाटायचंय?" बाकड्यावरून सासूबाई म्हणाल्या. "आमचं घरी ठरलंय."

"मावशी, मी हिला विचारलं."

"विचारा की. मी कुठे नको म्हणते? मी आपली इकडे बसलेय." डॉक्टरीणबाईंनी तिला झोपेचे विचारले, तर पुन्हा बाहेरून उत्तर आले, "चांगली लागते. घोरतेसुद्धा."

"आई, तिला बोलू दे ना," नवरा पुटपुटला.

"तू गप रे. तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

आत ती तरुण बाई माझा काठ बोटाला गुंडाळत होती. डॉक्टरीणबाईंनी मला थोडे बाजूला सारले.

"मावशी, तुमच्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"मला?" सासूबाई हसल्या. "मला कोण विचारतंय. माझं पहिलं बाळ गेलं, तेव्हा डॉक्टरांनी ते माझ्या सासूला सांगितलं. मी शेजारच्या खाटेवर जागी होते."

बोलून झाल्यावर त्यांना सुनेच्या बोटाला गुंडाळलेला माझा काठ दिसला. मग उठल्या, पिशवी उचलली आणि मुलाला म्हणाल्या, "चल, बाहेर बसू." जाताना त्यांनी मला शेवटच्या कडीपर्यंत ओढले आणि दारही लावून घेतले.

तेव्हा कुठे ती तरुण बाई बोलू लागली. "डॉक्टर, बाळाला दुखेल का?" तिचा हा पहिलाच प्रश्न. डॉक्टरीणबाईंनी जे माहीत होते ते सांगितले. जे माहीत नव्हते, ते माहीत नाही असेही सांगितले.

"मी काहीही ठरवलं तरी तुम्हीच बघाल ना मला?"

"मीच बघेन."

"आणि ठरवल्यावर मन बदललं तर?"

"तर परत यायचं. मी रागावणार नाही."

मग तिने आपले उत्तर दिले. आवाज बारीक होता, पण शब्द तिचे होते.

त्या दिवसापासून इथे नातेवाईक आधी दाराबाहेर बसतात. सासूबाईंच्या तोंडून उत्तरे येईपर्यंत ही साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. आता माझ्या कड्या गंजल्या आहेत, कापड विरले आहे. मला काढून टाकायचे बोलणे चालू असते. काढा बापडे. पण मित्रांनो, माझ्या जागी जे काही लावाल, ते सरकवण्याआधी आतल्या माणसाला आवाज द्या. आणि तिला विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या कुणी उत्तर देऊ नका.

तिने काय ठरवले, हे जाणून घ्यायची उत्सुकता तुम्हाला असेलच. पण ते माझ्याकडून कळायचे नाही. कधी भेटली तर तिलाच विचारा, आणि ती गप्प राहिली तर दुसऱ्यांदा विचारू नका.