धुक्यात हलवलेला हात

आल्गोतच्या माणसाने जिन्याच्या वळणावर बंदूक खाली केली आणि हात हलवला. समोरच्याच्या दंडावर त्यांच्या संघाची पिवळी पट्टी नव्हती. गुनवोरला ते गोदामाच्या छतावरून, एवढ्या लांबूनही दिसलं. समोरचा क्षणभर थबकला. असं कुणी करेल यावर त्याचाही विश्वास बसला नसावा. मग त्याने गोळी घातली आणि मढ्याशेजारी उभा राहून, गुडघ्यावर थापा मारत हसला.

गुनवोरने टेबलावर मूठ आपटली, पण तोंडातून शब्द काढला नाही. बोलायचं नाही हा नियम तिचाच होता. वाचनालयाच्या तळघरात हे चार म्हातारे संगणकावर खेळायला बसले की चौघंही एकदम ओरडायचे. वर वाचत बसलेल्यांची तक्रार आली, तेव्हापासून सामना संपेपर्यंत तोंडाला कुलूप. सगळा कारभार इमोटवर, म्हणजे पडद्यावरच्या माणसांच्या हावभावांवर चालायचा. एक कळ दाबली की पडद्यावर चक्र उघडतं, आणि त्यातून निवडाल तसा तुमचा माणूस टोपी उचलतो, गुडघा टेकतो, नाचतो. पोरासोरांना त्यातलं नाचणं तेवढं ठाऊक, तेही मारलेल्याच्या उरावर. या चौघांनी मात्र त्याची भाषा केली होती. सामन्याआधी गोल उभं राहून एकमेकांना टोपी उचलून दाखवायची. आपलं कुणी पडलं तर त्याच्याजवळ जाऊन गुडघा टेकायचा, त्यापायी स्वतः मेलं तरी बेहत्तर. धुक्यात कुणाची आकृती दिसली तर हात हलवायचा. आपलं माणूस असेल तर तेही हलवतं. आणि जवळ आल्यावर पट्टी दिसतेच. पट्टी नसेल तर गोळी. यात चुकण्यासारखं काय आहे, हे गुनवोरला कळत नव्हतं.

सामना हरले. सिक्सतेनने कानावरचे हेडफोन काढले.

"काय रे आल्गोत, जावई होता का तुझा? केवढ्या प्रेमाने हात हलवलास!"

"जावयाला नसता हलवला," आल्गोत म्हणाला.

मेर्ता हसली. गुनवोरला हसू आलं नाही. बंदरात क्रेनवर आयुष्य काढलेली बाई ती. खाली माणूस कुठे उभा आहे हे नीट पाहिल्याशिवाय तिने कधी दांडा हलवला नव्हता. गेल्या शरदात तिचाही हात एकदोनदा चुकीच्या माणसासमोर वर गेला होता, पण तेव्हा तिच्या चष्म्याचं काहीतरी बिनसलं होतं. आल्गोतचं तसं नव्हतं. थंडी सुरू झाल्यापासून तो दर गुरुवारी कुणा ना कुणा शत्रूला हात दाखवत होता, आणि बाकीचे दोघं त्याची थट्टा करून विषय संपवत होते. आता माल्मो शहरातली या खेळाची स्पर्धा तोंडावर आली होती. नवरा, होल्गेर, गेल्यावर घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती, तेव्हा या खेळाने तिला माणसांत आणलं होतं. माल्मोला हसं करून घ्यायची तिची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. आल्गोतची नव्हे, आल्गोतसाठी.

कॉफी झाली. तिने पिशवीतून वेलचीचे बन काढले, तर टेबलावर सिक्सतेनचे बन आधीच मांडलेले.

"आज माझी पाळी होती ना?" गुनवोर म्हणाली.

"बरं झालं की. उरलेले मी नातवंडांना नेईन," म्हणत मेर्ताने तिची पिशवी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

कप विसळायला दोघी मोरीशी उभ्या राहिल्या तेव्हा गुनवोरने आवाज खाली आणला.

"त्याला काहीतरी होतंय, मेर्ता. आपलं कोण, परकं कोण, हेच त्याला ओळखू येत नाहीये."

मेर्ता पुसून झालेला कप पुन्हा पुसत राहिली.

"पाहिलंय आम्ही."

"मग बोलत का नाही कुणी?"

"कसं बोलायचं गं असलं?" मेर्ताने कप फळीवर ठेवला. "धीर होत नाही."

धीर गुनवोरला होता. नसता तर आणायची तिची तयारी होती.

ती आणि आल्गोत ट्रामने तिच्या वस्तीत, मायोर्नाला उतरले. हल्ली दर गुरुवारी तो तिच्याबरोबर तिच्या फाटकापर्यंत यायचा. त्याचं घर नदीपलीकडे, हिसिंगेनला. ज्याने सबंध गोथेनबर्गमध्ये चाळीसेक वर्षं ट्राम चालवली त्याने दर आठवड्याला उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसावं, याहून वेगळा पुरावा तिला नको होता. ती त्याला काही म्हणायची नाही. फाटकापाशी पोचलं की "आता नीट जा हं, पलीकडच्या थांब्यावरून" एवढंच बजावायची, आणि तो मान डोलवायचा.

आज मात्र ती फाटकापाशी थांबली.

"आल्गोत, तू माल्मोला यायचं नाहीस."

त्याने टोपी कानांवर ओढली. नाक थंडीने लाल झालं होतं.

"तू त्यांना हात हलवतोस. पट्टी नसलेल्यांना. मी चिडून बोलत नाहीये रे. तुझ्या मुलीला फोन कर, डॉक्टरांना दाखव. लवकर कळलं तर बरं असतं म्हणतात."

वाद घालेल, निदान एखादी कोटी करेल, असं तिला वाटलं होतं. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"बरं. नाही येत मी. पण मग तुझ्याजवळ कोण राहणार?"

"माझ्याजवळ कशाला कोण हवंय?"

त्याने तिच्या पर्सकडे पाहिलं. ती पर्समध्ये हात घालून चाचपडत होती.

"तुझ्या कोटाच्या उजव्या खिशात आहे," तो म्हणाला. "किल्ली."

होती खरी. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. जुन्या मित्राला तोंडावर असं सांगितल्याचं वाईट वाटत होतं, आणि सांगून मोकळी झाल्याचं बरंही वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी आल्गोत आला, पण खेळायला बसला नाही. गुनवोरच्या मागे खुर्ची ओढून, मांडीवर टोपी ठेवून तो बसून राहिला. तिघांनीच सामना घ्यायचं ठरलं. समोर कुठलीशी पोरं होती, आवाजावरून नाही तरी नाचण्यावरून कळत होती. सुरुवातीला तिघांनी गोल उभं राहून टोप्या उचलल्या. चौथी जागा रिकामी राहिली, तिथे धुकं होतं.

खेळ बरा चालला होता. सिक्सतेनने धक्का राखला, मेर्ताने पूल. गुनवोर जिन्याने वर निघाली. वळणावर कुणीतरी उभं होतं. उंच, किंचित पोक काढलेलं, एका पायावर भार टाकून. आल्गोत, तिने मनाशी म्हटलं, आलाच शेवटी. आणि बरं वाटून तिने हात हलवला.

पडदा राखाडी झाला.

तिला आधी कळेचना. मग पडद्यावर तिला मारणारा दिसला, दंड मोकळा, जवळ, अगदी हाताच्या अंतरावर. धुकंसुद्धा नव्हतं तिथे. मागे आल्गोतच्या खुर्चीची कुरकुर ऐकू आली. तो तिथेच होता. मघापासून तिथेच होता.

थट्टा कुणी केली नाही. तिने सिक्सतेनकडे पाहिलं, त्याने नजर पडद्यावरून काढली नाही. त्याचा माणूस धक्का सोडून पळत आला आणि तिच्या मढ्याशेजारी गुडघा टेकून बसला. पाठोपाठ मेर्ताचा आला. जिन्यावरून ती पोरं खाली उतरत होती, सगळी उघड्या दंडांची. सिक्सतेनचा माणूस उठला, त्याने बंदूक खाली केली आणि हात हलवला. मेर्ताच्या माणसानेही हलवला. दोघं तसेच हात हलवत उभे राहिले, गोळ्या लागेपर्यंत.

पोरं बुचकळ्यात पडली असावीत. या खेपेला कुणी नाचलं नाही.

गुनवोरने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सामना संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती. मेर्ताचे डोळे भरून आले होते. गुनवोर आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. बोट अजून त्या कळेवर होतं.

"चष्म्यामुळे नव्हतं ना ते?" तिने विचारलं. "शरदात."

"नव्हतं," आल्गोत म्हणाला.

"आणि तू?"

"मला पट्टी दिसते, गुनवोर. पहिल्यापासून दिसते." त्याने मांडीवरची टोपी फिरवली. "म्हटलं, एकटीच हात हलवत राहिलीस तर लोक बघतील."

तिला खूप काही म्हणायचं होतं. फाटकाशी आपण काय काय बोललो ते आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणाला फोन करायला सांगितला होता तिने? त्याच्या मुलीला. तिला स्वतःला तर मुलगी नव्हती, ही तीन माणसं होती.

आल्गोतने खुंटीवरचा तिचा कोट आणला आणि दोन्ही हातांनी उघडून धरला. ती उठली. एक बाही सापडली, दुसरी सापडायला वेळ लागला, तो थांबला.

ट्राममध्ये ती खिडकीपाशी बसली, तो शेजारी. हा हिसिंगेनचा माणूस मायोर्नाच्या ट्राममध्ये का बसलाय, असं आज तिच्या मनात आलं नाही. फाटकापाशी बर्फावर दोघांचे बूट करकरले. या वेळी तिने पर्स उघडलीच नाही.

"कुठल्या खिशात आहे?" तिने विचारलं.